दोन वर्षांचा शब्द

कॅनडाच्या नकाशावर बोट ठेवून वर वर सरकत गेलं की एल्समिअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला एक ठिपका लागतो. ग्रीस फियोर्ड. २०२१ च्या जनगणनेत इथं १४४ माणसं भरली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. याच्याही उत्तरेला कॅनडाची ठाणी आहेत, पण ती लष्कराची आणि हवामान खात्याची, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर येणाऱ्यांची. पोरंबाळं, शाळा, दुकान आणि दफनभूमी असलेलं शेवटचं गाव हेच. वर्षाचं सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्याला तोंड दाखवतो, आणि एप्रिलच्या अखेरीपासून पुढे जवळजवळ चार महिने मावळत नाही.

गावाला दोन नावं आहेत. नॉर्वेचा ओट्टो स्वेरड्रप १८९८ ते १९०२ च्या मोहिमेत या बाजूला आला, तेव्हा वॉलरसांचा आवाज त्याला डुकरांच्या घुरघुरीसारखा वाटला. म्हणून 'डुकरांची खाडी', ग्रीस फियोर्ड. आर्क्टिकचे मूळनिवासी इनुइट लोक आउयुइत्तुक म्हणतात, म्हणजे जिथलं कधी वितळत नाही ते ठिकाण. पण हे दुसरं नाव वापरणाऱ्या इथल्या घरांची मुळंही इथली नाहीत. गावाची सुरुवात झाली ती १९५३ मध्ये सरकारनं जहाजातून आणून उतरवलेल्या कुटुंबांपासून.

पुनर्वसनाचा विषय निघाला की मला हे प्रकरण आठवतं, आणि ते आठवण्याचं कारण त्यातली थंडी नव्हे. सरकारच्या फायलींत ही योजना अनेक वर्षं 'यशस्वी' म्हणून नोंदलेली होती. लोकांना शिकार मिळत होती, उपासमारीनं माणसं मेली नव्हती, सरकारी मदतीवरचा खर्च कमी झाला होता. तरीही ५७ वर्षांनी त्याच सरकारला जाहीर माफी मागावी लागली. मग बिघडलं कुठं? माझ्या मते सगळं प्रकरण एका तोंडी वाक्याभोवती फिरतं: नाही रुचलं तर दोन वर्षांनी परत आणून सोडू.

मूळ गाव

हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, क्यूबेकच्या उत्तर भागात इनुकजुआक आहे. सरकारी कागदांत तेव्हा त्याचं नाव पोर्ट हॅरिसन. नदीच्या मुखाशी वसलेलं. १९५० च्या सुमाराला तिथं हडसन्स बे कंपनीचं दुकान होतं, पोलिस ठाणं, मिशन, दवाखाना, शाळा होती. इनुइट कुटुंबं मात्र किनाऱ्यानं विखुरलेल्या तळांवर राहत आणि व्यापारासाठी गावात येत. नदीत आणि तळ्यांत मासे, वसंतात पक्षी आणि त्यांची अंडी, उन्हाळा संपता संपता टेकड्यांवर बोरांसारखी बारीक रानफळं. ती वेचायला बायका-पोरांची टोळकी बाहेर पडत. डिसेंबरातही दिवसाला सहा-साडेसहा तास उजेड असे.

बाहेरच्या जगाला हे गाव आधीच ठाऊक झालं होतं. रॉबर्ट फ्लाहर्टीनं १९२० ते २१ मध्ये इथंच चित्रीकरण केलं आणि १९२२ साली 'नानूक ऑफ द नॉर्थ' आला. बर्फाच्या घरात हसतमुख राहणारा, कुणाकडे काही न मागणारा इनुइट, ही प्रतिमा त्या चित्रपटानं जगभर पोचवली. फ्लाहर्टी परत गेला, पुन्हा आला नाही. त्याला इथल्या एका स्त्रीपासून झालेला मुलगा, जोसेफी, इनुकजुआकमध्येच वाढला. ही गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

गावाचा पैसा येई तो पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्यातून. दुसऱ्या महायुद्धानंतर या कातड्यांचा भाव कोसळला. आपल्याकडे कापसाचा भाव पडला की गावाची जी गत होते, तीच इथं. उधारी वाढली, कुटुंब भत्ता आणि सरकारी मदत यांवर चुली चालू लागल्या. राजधानी ओटावातल्या अधिकाऱ्यांना यात दोन गोष्टी दिसल्या. एक, इथं माणसं जास्त आणि शिकार कमी. दुसरी, हे लोक 'आयतं' खायला शिकतायत, त्यांना पुन्हा मूळच्या शिकारी जिण्याकडे वळवलं पाहिजे. ही दुसरी गोष्ट म्हणजे चित्रपटातला नानूक शोधणंच होतं, असं मला वाटतं. पण ते अधिकारी मनानं वाईट होते असंही म्हणवत नाही. आपण लोकांचं भलं करतोय याची त्यांना खात्री होती, आणि पुढची निम्मी गुंतागुंत त्या खात्रीतूनच झाली.

तिसरी गोष्ट नकाशातली. शीतयुद्ध सुरू झालेलं. उत्तरेकडची मोठमोठी बेटं कॅनडाची म्हणवली जात, पण तिथं राहणारं कुणी नव्हतं. अमेरिकेची माणसं हवामान केंद्रांतून वावरत होती, ग्रीनलंडमध्ये थुले इथं अमेरिकेचा मोठा हवाई तळ उभा राहत होता, आणि ग्रीनलंडचे इनुइट शिकारीला गोठलेला समुद्र ओलांडून एल्समिअरवर येत. तिथं आपली माणसं नांदत असलेली बरी, हा विचार त्या काळच्या कागदांत डोकावतो.

होकार

१९५३ च्या वसंतात इनुकजुआकच्या पोलिसाला वरून सांगण्यात आलं की उत्तरेला जायला तयार कुटुंबं निवडा. तो तळातळावर फिरला. तिकडे शिकार भरपूर आहे, असं सांगितलं. आणि ते वाक्य: आवडलं नाही तर दोन वर्षांनी परत.

हा होकार खरा होता का, यावर पुढे चाळीस वर्षं वाद झाला. इथं इनुइट भाषेतला एक शब्द समजून घ्यावा लागतो: इलिरा. समोरचा आपल्यापेक्षा ताकदवान आहे, त्याच्या मनात काय चाललंय कळत नाही, त्याच्या हातात आपलं बरंवाईट आहे. अशा माणसापुढे जी भीतीमिश्रित भिडस्त भावना दाटते ती इलिरा. तिच्यापायी माणूस 'नाही' म्हणत नाही. आपल्याकडे तलाठ्यानं, फौजदारानं दारात येऊन एखादी गोष्ट सुचवली की जुनी माणसं 'साहेब म्हणतात तर' म्हणून मान डोलावत, त्याच्या जवळपासचं हे. पोलिसानं नोंद केली: कुटुंबं स्वखुशीनं तयार. कुटुंबांना आठवतं ते असं की पोलिस पुन्हा पुन्हा आला. खोटं दोघंही बोलत नसावेत.

आणखी एक बारीक गोष्ट. इनुइटांना तेव्हा आडनावं नव्हती. सरकारनं १९४० च्या दशकापासून प्रत्येकाला नंबर दिला होता, तो एका गोल बिल्ल्यावर छापलेला असे आणि बिल्ला गळ्यात किंवा मनगटाला दोरीनं बांधायचा. जहाजात चढणाऱ्यांच्या नोंदी नावासोबत या नंबरांनी होत. आडनावांची मोहीम १९७० च्या आसपास आली, तोवर ही माणसं कागदावर आकड्यानंच ओळखली गेली.

जहाज

जुलै १९५३ च्या अखेरीला 'सी. डी. होव' हे सरकारी जहाज इनुकजुआकहून निघालं. माणसं, कुत्री, तंबू, घसरगाड्या, कयाक, सगळं एकत्र. त्याच जहाजावर डॉक्टर आणि एक्स-रे यंत्र असे. क्षयरोगाचा डाग दिसला की माणसाला दक्षिणेतल्या इस्पितळात न्यायचं, हीही त्या जहाजाची ड्यूटी. वाटेत बॅफिन बेटावरच्या पाँड इनलेटहून आणखी तीन कुटुंबं घेतली. ती उत्तरेकडच्या अंधाराला सरावलेली होती, त्यांनी नव्यांना शिकवावं ही कल्पना. कागदावर बरी दिसते. पण त्यांची बोली वेगळी, रीत वेगळी, आणि 'तुम्ही यांना शिकवा' असं तिऱ्हाइतानं सांगितल्यावर दोन घरांत जे व्हायचं ते व्हायला वेळ लागला नाही.

डेकवर झालेला एक प्रसंग जवळजवळ प्रत्येकाच्या आठवणीत आहे. आपण सगळे एकाच जागी उतरणार अशी लोकांची समजूत होती. उत्तरेला पोचत असताना त्यांना कळलं की त्यांची वाटणी होणार आहे, काही इथं उतरणार, काही तिथं. जॉन अमागोआलिक तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. पुढे ते इनुइटांचे मोठे नेते झाले, त्यांना 'नुनाव्हुटचे जनक' म्हणतात, नुनाव्हुट म्हणजे कॅनडातला इनुइटबहुल प्रदेश. त्यांनी सांगितलेलं दृश्य असं: ही बातमी ऐकून बायका रडायला लागल्या, आणि ते ऐकून डेकवरची कुत्रीही विव्हळायला लागली.

वाटणीचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो. पण या लोकांच्या हिशेबात होकार एका माणसाचा किंवा एका चुलीचा नव्हताच, तो सगळ्या भावकीचा होता. भाऊ येतोय, मेहुणा येतोय, म्हणून आपण निघालो. तो भाऊच दुसऱ्या बेटावर उतरवला, तर ज्या गोष्टीला 'हो' म्हटलं ती गोष्ट तिथंच संपली. सरकारला आपण काही वेगळं केलंय हे कळलंसुद्धा नाही. त्यांच्या यादीत माणसांची बेरीज तेवढीच होती.

एक गट कॉर्नवालिस बेटावर रेझोल्यूटला उतरला, एक एल्समिअर बेटावर क्रेग हार्बरला. तिसरीही जागा ठरली होती, पण बर्फानं जहाजाला तिथं जाऊ दिलं नाही. क्रेग हार्बरला पोलिस ठाणं होतं. कुटुंबांना मात्र त्याच्या शेजारी न ठेवता पश्चिमेला कित्येक किलोमीटर दूर एका द्वीपकल्पावर नेलं. पोलिसांच्या दारात बसले तर पुन्हा मागायची सवय लागेल, हा त्यामागचा हिशेब. इनुकजुआकपासून अंतर झालं साधारण २००० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते कोलकाता रस्त्यानं जाण्याएवढं. फरक इतकाच की इथं रस्ता नव्हता.

पहिला हिवाळा

पोचले तेव्हा उन्हाळा संपलेला. बर्फाचं घर, म्हणजे इग्लू, बांधायचं तर वाऱ्यानं दाबून घट्ट केलेला बर्फ हवा. कोवळ्या बर्फाच्या विटा पडत नाहीत. हा भाग जवळजवळ वाळवंट आहे, हिमवर्षाव कमी आणि उशिरा. म्हणून कडाक्याची थंडी सुरू झाली तरी माणसं कापडी तंबूतच होती. मग सूर्य गेला. इनुकजुआकच्या लोकांनी असा अंधार कधी पाहिलेला नव्हता. सूर्य परत येतो हे पाँड इनलेटच्या कुटुंबांना ठाऊक होतं. दक्षिणेकडून आलेल्यांना ते ऐकून विश्वास ठेवावा लागत होता.

आठवणी सांगणारे शिकारीबद्दल बोलतात, पण त्याहून जास्त पाण्याबद्दल बोलतात, हे माझ्या लक्षात आलं. इनुकजुआकला नदी होती. इथं समुद्र गोठलेला, पण तो बर्फ खारट. गोडं पाणी हवं तर गोठलेल्या खाडीत अडकून पडलेल्या हिमनगापाशी जायचं. हिमनग हा हिमनदीचाच तुटलेला तुकडा, त्याचं पाणी गोड. अंधारात घसरगाडी ओढत तिथवर जायचं, लोखंडी हत्यारानं ढलप्या काढायच्या, पोत्यात भरायच्या, परत यायचं, सीलच्या चरबीवर जळणाऱ्या कुल्लिक दिव्यावर किंवा स्टोव्हवर त्या वितळवायच्या. पातेलंभर बर्फाचं पाणी पातेलंभर होत नाही, आणि तेवढं झाल्यावर पुन्हा निघायचं. हे काम बायकांच्या आणि मुलांच्या वाट्याला आलं. एकाही सरकारी अहवालात 'पाणी आणायला किती वेळ' हा रकाना नाही.

शिकार होती, हे खरं. सील, वॉलरस, ध्रुवीय अस्वल. पण रोजच्या जेवणातली चव गेली: गोड्या पाण्यातले मासे नाहीत, अंडी नाहीत, रानफळं नाहीत. आणि जे जनावर डोळ्यांसमोर चरत होतं ते मारायची बंदी. कस्तुरी बैल, लांब केसांचा, थंडीत उभा राहणारा धिप्पाड प्राणी. १९१७ पासून कॅनडात त्याच्या शिकारीला मनाई होती. कॅरिबू हरणांवरही मर्यादा. 'भरपूर शिकारीच्या प्रदेशात' आणून ठेवलेल्या माणसांना पोलिसानं पहिल्यांदा सांगितलं ते कशाला हात लावायचा नाही हे.

दुकान होतं, पण ते पोलिसच चालवत. वर्षातून एकदा जहाज माल टाकून जाई. त्यात जे नसेल ते पुढच्या जहाजापर्यंत नाही. कातडी आणून द्यायची, हिशेब वहीत लिहिला जाई, रोख हातात पडत नसे. टपालही त्याच जहाजानं. म्हणजे घरी लिहिलेल्या चिठ्ठीला उत्तर यायला वर्ष, त्या उत्तराला उत्तर पोचायला दुसरं.

रेझोल्यूटची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं हवाई दलाचा तळ होता, म्हणजे कचऱ्याचा ढीगही होता. लोक त्यातून खाणं उचलत, खोक्यांच्या फळ्या आणून झोपड्या बांधत. पोलिसांना ते पसंत नव्हतं. स्वावलंबन शिकवायला आणलेल्या माणसांनी मिळेल ते लाकूड गोळा करून डोक्यावर छप्पर केलं, तर त्याला परावलंबन म्हणायचं की आणखी काही, हा प्रश्न कुणी विचारल्याचं दिसत नाही.

एक बाप, एक मुलगी

लॅरी ऑडलालुक १९५० मध्ये जन्मले, तीनेक वर्षांचे असताना एल्समिअरला आले, आणि आयुष्यभर ग्रीस फियोर्डमध्ये राहिले. त्यांचं आठवणींचं पुस्तक २०२० साली आलं. त्यांचे वडील इनुकजुआकचे नावाजलेले दगडी मूर्तिकार. १९५४ मध्ये, म्हणजे पोचल्याला वर्ष व्हायच्या आत, ते गेले. दोन वर्षांचा शब्द पुरा व्हायला तेव्हा अजून निम्म्याहून जास्त वेळ होता.

जोसेफी फ्लाहर्टी हा त्याच मूर्तिकाराचा सावत्र मुलगा. १९५५ मध्ये आणखी कुटुंबं उत्तरेला नेली, त्यांत बायको-मुलांसह तो होता. जगाला हसरा नानूक दाखवणाऱ्या माणसाची नातवंडं अशी एल्समिअरच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांतली मार्था तेव्हा पाचेक वर्षांची. घरात शिकारीला जोडीला मोठा मुलगा नव्हता, म्हणून लहानपणीच ती बापाबरोबर घसरगाडीवर निघे, अंधारात, उणे चाळीसला. मोठेपणी तिनं हे चौकशीपुढे सांगितलं. पुढे ती इनुइट स्त्रियांच्या देशव्यापी संघटनेची अध्यक्ष झाली.

या दोन खेपांत मिळून नव्वदीच्या आसपास माणसं हलवली गेली. आकडा लहान आहे. आपल्याकडच्या एका धरणाखाली याच्या कितीतरी पट गावं जातात, हे वाचणाऱ्याच्या मनात येईलच. पण आकडा लहान असल्यामुळेच इथं प्रत्येक घराचं काय झालं हे शोधता येतं. मोठ्या विस्थापनात ते बेरजेत बुडून जातं.

शब्दाचं काय झालं

दोन वर्षं झाली. काहींनी परत जायचं म्हटलं. परतीचं जहाज त्यासाठी आलं नाही. परत जाण्याऐवजी तुमच्या नातेवाइकांनाच इकडे बोलवा, असं सुचवलं गेलं. जायचंच तर स्वखर्चानं, आणि खर्चायला हातात नाणं नाही. सरकारला हा शब्द मोडल्याचं ओझं वाटलेलं दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी तो शब्दच नव्हता. फायलीत तो ठळक करार म्हणून कुठं नव्हता. ज्यांना दिला होता त्यांनी तो कागदावर घेतला नव्हता, लक्षात मात्र ठेवला होता.

नव्या पिढीत आणखी एक पेच निघाला. गाव एवढं लहान की लग्नाला मुलगा-मुलगी शोधायची तर बहुतेक नात्यातलीच. इनुकजुआकला असताना किनाऱ्याभर सोयरिकी होत. इथं तरुणांना जोडीदारासाठी कुठं जायचं हाच प्रश्न.

१९८० च्या दशकात ही मंडळी मागणी घेऊन उभी राहिली. १९८९ मध्ये सरकारी खर्चानं चाळीसेक माणसं इनुकजुआकला परतली. इथं मला प्रकरणातला सगळ्यांत कठीण भाग दिसतो. म्हातारे परतले, पण त्यांची मुलं ग्रीस फियोर्ड आणि रेझोल्यूटमध्ये जन्मलेली, तिथंच लग्नं झालेली. कुणी आईबापांबरोबर गेलं, कुणी राहिलं. म्हणजे पहिल्यांदा घर मोडलं ते जाताना, दुसऱ्यांदा परतताना. ३६ वर्षांनी पाळलेला दोन वर्षांचा शब्द हा तोच शब्द राहत नाही. लॅरी ऑडलालुक परत गेले नाहीत.

पैसे आणि माफीच्या मागणीवर सरकारनं १९९० मध्ये एक अहवाल करून घेतला. तो मुख्यतः कागदांवर बेतलेला होता आणि त्यातून सरकारचा दोष दिसेना. मग मूळनिवासींसंबंधीच्या राजेशाही आयोगानं १९९३ मध्ये ओटावाला स्थलांतरितांना बोलावलं. वयस्कर इनुइट बायका-पुरुष दुभाष्यांमार्फत दिवसचे दिवस बोलले: तंबू, पाणी, डेक, कुत्री. त्या काळचे अधिकारीही येऊन आपली बाजू सांगून गेले, काही जण दुखावलेल्या मनानं, कारण त्यांनी ते काम सेवा म्हणून केलं होतं. आयोगाचा १९९४ चा अहवाल सरकारच्या विरोधात गेला. योजनेचा मुख्य हेतू आर्थिक होता, सार्वभौमत्वाचा विचारही त्यात मिसळलेला होता, आणि दिलेला शब्द पाळला गेला नाही, असं त्यात आलं. माणसांच्या आठवणीला आयोगानं पुरावा म्हणून फायलीच्या शेजारी बसवलं. पुनर्वसनाचं काम करणाऱ्यानं हा भाग मुळातून वाचावा असा आहे.

१९९६ मध्ये एक कोटी डॉलरचा निधी झाला, माफीशिवाय. माफी आली १८ ऑगस्ट २०१० रोजी, इनुकजुआकमध्ये, मंत्री जॉन डंकन यांच्या तोंडून. तिची चांगली गोष्ट ही की ती गोलमाल नव्हती. किती दूर आणि किती वेगळ्या जागी नेतोय हे नीट सांगितलं नाही, दोन गावांत वाटणार हे सांगितलं नाही, पुरेसा निवारा आणि सामान दिलं नाही, आणि परत आणायचा शब्द पाळला नाही, असं कलमवार कबूल केलं. १९५३ मध्ये मोठी झालेली माणसं तोवर बहुतेक गेली होती.

आजचं गाव

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळा निघाली आणि वस्ती सध्याच्या जागी सरकली. पहिली सरकारी घरं एका खोलीची, लोक त्यांना आगपेटीची घरं म्हणत. आता घरं मोठी, जमिनीपासून उचललेली, आत उबदार. वीज डिझेलवर. पाण्याचा ट्रक येऊन घरची टाकी भरतो, दुसरा ट्रक सांडपाणी उपसून नेतो. कुत्र्यांच्या गाड्यांची जागा स्नोमोबाइलनं घेतली. इंटरनेट उपग्रहावरून. सहकारी दुकानात मिळतं बहुतेक सगळं, दक्षिणेच्या कित्येक पट दरानं. भाजीचा एखादा गड्डा हातात घेऊन परत ठेवणारी माणसं तिथं रोज दिसतात. वर्षाचा जड माल, म्हणजे गाड्या, बांधकामाचं सामान, पिठाची पोती, आजही उन्हाळ्यात एकदाच येणाऱ्या जहाजातून. त्या दिवशी गावात कुणी घरी नसतं.

गरोदर बाईला दिवस भरत आले की विमानानं दक्षिणेला जावं लागतं, बाळ तिकडे जन्मतं, मग दोघं घरी. म्हणजे इथलं म्हणावं असं प्रत्येक नवं माणूस आता जन्मतं दुसरीकडे. आपल्याकडे धरणग्रस्तांच्या तिसऱ्या पिढीलाही 'मूळ गाव कुठलं?' विचारतात आणि ते पोरगं आजोबांच्या बुडालेल्या गावाचं नाव सांगतं. ग्रीस फियोर्डच्या मुलांना हा प्रश्न विचारला तर तीन नावं घ्यावी लागतील.

१९६९ मध्ये कस्तुरी बैलाच्या मर्यादित शिकारीला परवानगी मिळाली. आता गावाला ठरावीक वाटा असतो. गावच्या शाळेचं नाव आहे उमिम्माक, आणि उमिम्माक म्हणजे कस्तुरी बैल.

पाण्याचं म्हणाल तर उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत वरच्या हिमनदीचं वितळलेलं पाणी मोठ्या टाक्यांत भरून ठेवतात आणि ते वर्षभर पुरवतात. एखाद्या वर्षी टाकी लवकर तळाला गेली की पुन्हा हिमनगाकडेच जावं लागतं, यंत्रं घेऊन. एरवीही चहाला हिमनगाच्याच बर्फाचं पाणी हवं म्हणणारी वयस्क मंडळी उत्तरेत आहेत. नळाच्या पाण्याला चव नाही, असं त्यांचं म्हणणं.

२०१० मध्ये दोन्ही गावांत स्मारकं उभी राहिली. ग्रीस फियोर्डचं लूटी पिजामिनी यांनी घडवलं: एक बाई, शेजारी लहान मुलगा आणि कुत्रा. बाईची नजर रेझोल्यूटच्या दिशेला आहे. रेझोल्यूटचं सिमिओनी अमागोआलिक यांचं, जे स्वतः त्या नेलेल्या माणसांपैकी. तिथं एकटा पुरुष उभा आहे, ग्रीस फियोर्डकडे बघत. दोघांमध्ये सरळ रेषेत पावणेचारशे-चारशे किलोमीटर. खडीच्या आखूड धावपट्टीवर उतरणारं छोटं ट्विन ऑटर विमान आठवड्यातून एक-दोनदा त्या मार्गानं जातं. वारा डोंगरावरून धावपट्टीकडे घुसत असला, तर त्या दिवशी जात नाही.